डम्बलडोरच्या मनातली टोचणी: एरियानाबद्दलची फॅन थिअरी कशी बांधावी, कशी तपासावी

हॅरी पॉटरच्या गोष्टीतल्या मुख्याध्यापक आल्बस डम्बलडोरची धाकटी बहीण एरियाना, तिला नेमकं मारलं कोणी? डम्बलडोरच्या घराबद्दलच्या बहुतेक थिअऱ्या या प्रश्नापासून निघतात आणि तिथेच रुतून बसतात. त्याचं उत्तर हॅरी पॉटरच्या सातही पुस्तकांत नाही. ती गेली तेव्हा हजर असलेल्या तिघांपैकी आल्बस आणि अ‍ॅबरफोर्थ हे दोघे भाऊ स्वतःच्या तोंडाने सांगतात की आपल्याला माहीत नाही, आणि तिसरा, पुढे काळा जादूगार झालेला ग्रिन्डेलवाल्ड, पळून गेला. पुराव्याचं दार लेखिका जे. के. रोलिंगने स्वतःच्या हाताने लावून घेतलं आहे. तिथे डोकं आपटत बसण्यापेक्षा दुसरा प्रश्न घ्यावा: तिच्या मरणाची टोचणी मनात नसती, तर डम्बलडोरने पुढे कोणता निर्णय वेगळा घेतला असता? याला पुस्तकातून उत्तर मिळतं आणि ते तपासताही येतं.

आधी वाचायचं काय ते. सातही पुस्तकं पुन्हा काढायची गरज नाही. पहिल्यातलं १२वं प्रकरण (एरिसेडचा आरसा), चौथ्यातलं २४वं, पाचव्यातलं ३७वं, सहाव्यातलं २६वं (गुहा) आणि सातव्यातली २, ८, ११, १६, १८, २८, ३३ आणि ३५ ही प्रकरणं. एवढ्या बारा प्रकरणांत जवळजवळ सगळा माल आहे. चौथ्यातलं २४वं यादीत कशाला, असं वाटेल. तिथे डम्बलडोर भावाचं नाव सहज घेतो, बकरीवर भलतीच जादू केल्याबद्दल अ‍ॅबरफोर्थवर खटला झाला होता असं सांगतो. विनोद म्हणून पुढे सरकलेलं ते वाक्य सातवं पुस्तक वाचल्यावर वेगळंच दिसतं. घरातली बोलता येण्याजोगी लाज हसत सांगितलेली आहे, न बोलता येणारीचा उल्लेखही नाही.

संदर्भ देताना पान नको, प्रकरण द्या. ब्रिटिश, अमेरिकन आणि मराठी आवृत्तींची पानं जुळत नाहीत, प्रकरणांचे क्रमांक जुळतात.

आता कालरेषा. ही कागदावर हाताने काढावी, मोबाइलच्या नोट्समध्ये नाही, कारण बाण मारावे लागतात. मधोमध आडवी रेघ आणि तिच्यावर पाच खुणा.

१८९१ च्या सुमारास मोल्ड-ऑन-द-वोल्ड गावात सहा वर्षांच्या एरियानावर तीन मगल, म्हणजे जादू नसलेली पोरं हल्ला करतात. वडील पर्सिव्हल त्या पोरांवर सूड घेतात आणि अझ्काबानच्या तुरुंगात जातात. खरं कारण ते सांगत नाहीत, कारण सांगितलं तर पोरीला कायमचं इस्पितळात डांबतील ही भीती. ते तिथेच मरतात. आई केन्ड्रा मुलांना घेऊन गॉड्रिक्स हॉलोला येते. दुसरी खूण १८९९: आल्बस शाळेतून नुकताच बाहेर पडलेला, मित्र एल्फियस डॉजबरोबर जगप्रवासाला निघणार, तोच चौदा वर्षांच्या एरियानाच्या आवरता न आलेल्या जादूच्या स्फोटात आई जाते. त्याच उन्हाळ्यात ड्यूर्मस्ट्रँग या जादूच्या शाळेतून काढून टाकलेला सोळा वर्षांचा ग्रिन्डेलवाल्ड शेजारी बॅथिल्डा बॅगशॉटकडे राहायला येतो. दोन महिने दोस्ती, मग तिघांची लढाई, त्यात एरियाना जाते. अंत्यविधीत अ‍ॅबरफोर्थ भावाचं नाक फोडतो. तिसरी खूण १९४५, ग्रिन्डेलवाल्डचा पराभव. चौथी १९८१, तान्हा हॅरी मावशीच्या, म्हणजे डर्स्लींच्या दारात. पाचवी १९९६ चा उन्हाळा, शापित अंगठी बोटात घालून काळा पडलेला हात.

रेघेकडे नीट पाहिलं की पहिली गोष्ट डोळ्यांत भरते ती १८९९ आणि १९४५ मधली ४६ वर्षांची पोकळी. बऱ्याचशा चांगल्या थिअऱ्या या पोकळीत जन्मतात.

साक्षीदार मोजून घ्या

प्रत्येक पुराव्यापुढे तो कोणी सांगितला हे लिहायचं. सातव्या पुस्तकाची गंमतच ही की एकाच घराची गोष्ट सहा जण सांगतात आणि सहाही जणांचा काहीतरी स्वार्थ किंवा आंधळेपणा आहे. डॉजचा मृत्युलेख (प्र. २) प्रेमाने लिहिलेला, त्यामुळे एरियाना तिथे फक्त नाजूक तब्येतीची मुलगी आहे. म्युरियल आत्या (प्र. ८) लग्नात ऐकीव गप्पा हाणते. पत्रकार रीटा स्कीटर (प्र. ११, १८) विकण्यासाठी लिहिते, पण तिच्या हाती एक अस्सल कागद आहे: आल्बसने ग्रिन्डेलवाल्डला लिहिलेलं पत्र. बॅथिल्डाने प्रत्यक्ष पाहिलेलं पुष्कळ आहे, पण ते आपल्यापर्यंत येतं रीटाच्या हातून. पुस्तकासोबत रीटाने धाडलेली चिठ्ठी वाचा: तुम्ही सगळं बोललात, आता आठवत नसलं तरी. अशा रीतीने काढलेली साक्ष किती धरायची ते आपलं आपण ठरवावं. अ‍ॅबरफोर्थ (प्र. २८) डोळ्यांनी पाहिलेला, पण भावावर आयुष्यभर खार खाऊन. आणि शेवटी खुद्द आल्बस (प्र. ३५), मेल्यानंतर, हॅरीच्या डोक्यात घडणाऱ्या प्रसंगात.

त्या शेवटच्या साक्षीवर लोक हमखास घसरतात. सगळं हॅरीच्या मनातलं, म्हणजे पुरावा नाही, असं म्हणून ते प्रकरणच बाद करतात. पण तिथे डम्बलडोर जे सांगतो, त्यातलं काही हॅरीला आधी ठाऊकच नव्हतं. ती साक्ष धरायला हरकत नाही. फक्त बोलणारा स्वतःला शिक्षा द्यायला उत्सुक आहे, हे विसरायचं नाही. अपराधी माणूस स्वतःविरुद्धही वाढवून सांगतो.

काम सोपं व्हावं म्हणून तीन खुणा वापरा: डोळ्यांनी पाहिलेलं, ऐकलेलं, आणि पात्राने लावलेला अर्थ. तिसरीचा उत्तम नमुना म्हणजे गुहेतलं द्रव. सहाव्या पुस्तकात ते पिताना डम्बलडोर कळवळून म्हणतो की सगळी चूक माझी, त्यांना इजा करू नका, मला करा. ते 'त्यांना' म्हणजे कोण, हे तिथे लिहिलेलं नाही. सातव्यात हॅरी अ‍ॅबरफोर्थला सांगतो की त्या वेळी त्याला तू आणि एरियाना दिसत होतात. वाचक हे डम्बलडोरचंच विधान असल्यासारखं उद्धृत करतात. ते हॅरीचं अनुमान आहे. जवळजवळ नक्की बरोबर, तरी अनुमानच. विकीच्या पानावर अनुमान आणि घटना एकाच सुरात लिहिलेली असतात, म्हणून विकीवरून थेट उचलू नका. तिथून प्रकरण शोधा आणि मूळ उघडा.

चित्रांवरच्या अवतरणांचंही तेच. अंधारात दिवा लावायची आठवण ठेवली की आनंद सापडतो, हे डम्बलडोरच्या नावावर फिरणारं वाक्य तिसऱ्या चित्रपटातलं आहे, पुस्तकांत नाही. ई-पुस्तकात शोध घेतला की दहा सेकंदांत कळतं.

म्युरियल आत्याकडून शिका

थिअरी कशी चुकते याचा धडा पुस्तकातच बसवलेला आहे आणि तो फुकट जाऊ देऊ नये. म्युरियल आत्याचा दावा: एरियाना स्क्विब होती, म्हणजे जादूगाराच्या घरात जन्मून जादू नसलेली, आणि केन्ड्राने लाजेखातर तिला कोंडून ठेवलं. तिचे पुरावे बघा. मुलगी हॉगवर्ट्सला गेली नाही: खरं. कोणाला दिसली नाही: खरं. आत्याचा चुलतभाऊ लॅन्सलॉट सेंट मुंगोज या जादूगारांच्या इस्पितळात वैद्य होता, त्याने सांगितलं की तिला तिथे कधी आणलंच नाही: तेही खरं. शिवाय बॅथिल्डाने चांदण्यात फळं तोडताना पाहिलेलं दृश्य आहे: केन्ड्रा मुलीचा हात घट्ट धरून परसातल्या हिरवळीवर एक फेरी मारते आणि तिला परत आत नेते.

सगळे पुरावे खरे, निष्कर्ष साफ उलटा. एरियानात जादू नव्हती असं नाही, ती इतकी होती की बाहेर फुटत होती. इस्पितळात न नेण्याचं कारण ती आजारी नव्हती हे नव्हे, तर नेलं असतं तर कायमची कोंडली असती हे. आत्याचं चुकलं कुठे? प्रत्येक पुराव्याला दुसरं एखादं कारण असू शकतं का, हा प्रश्न तिने एकदाही विचारला नाही. म्हणून आपल्या थिअरीतल्या प्रत्येक पुराव्याखाली ओळ सोडा आणि तिथे दुसरं, साधं कारण लिहा. सगळ्या ओळी सहज भरल्या तर थिअरी हवेत आहे असं समजा. एक-दोन ओळी काही केल्या भरत नसतील, तर तिथेच तुमचा खरा मुद्दा आहे. लेखाची सुरुवात तिथून करा.

एक थिअरी पूर्ण लावून बघू: १९४५ पर्यंत तो थांबला का?

पुस्तकातलं उत्तर ३५व्या प्रकरणात आहे. लोक गळ घालत होते, तरी डम्बलडोर ग्रिन्डेलवाल्डसमोर जायचं टाळत राहिला. मरणाची भीती नव्हती. ताकदीत आपण बरोबरीचे, कदाचित काकणभर सरसच आहोत हे त्याला ठाऊक होतं. भीती होती सत्याची. तो शेवटचा शाप कोणाचा, हे ग्रिन्डेलवाल्डला माहीत असेल आणि तो सांगेल, याची.

मग 'फॅन्टॅस्टिक बीस्ट्स' या पूर्वकथेच्या मालिकेतला २०१८ चा चित्रपट येतो. त्यात दोघांनी तरुणपणी रक्ताची शपथ घेतलेली आहे, एकमेकांवर चाल करून जाता येत नाही. आता थांबण्याचं कारणच बदललं. पुस्तकात तो जात नाही; चित्रपटात त्याला जाता येत नाही. अपराधीपणाच्या थिअरीला यापेक्षा मोठा धोका नाही, कारण हात बांधलेल्या माणसाला टाळाटाळीचा दोष देता येत नाही.

इथे दोन मार्ग. एक, फक्त पुस्तकं धरायची, आणि तसं पहिल्याच ओळीत सांगून टाकायचं. हा स्वच्छ मार्ग. दोन, दोन्ही धरायची आणि हिशेब करायचा. २०२२ च्या चित्रपटात ती शपथ तुटते आणि तो चित्रपट १९३२ मध्ये घडतो. द्वंद्व १९४५ मध्ये. म्हणजे हात मोकळे झाल्यावरही तेरा वर्षं उरतात, आणि त्या तेरा वर्षांना पुस्तकातलं कारण चपखल बसतं. मग थिअरी अशी लिहिता येते: शपथेने आधीचा काळ झाकला, भीतीने नंतरचा. ही थिअरी कोसळायला काय लागेल, तेही लिहून ठेवा: १९३२ नंतर डम्बलडोरने ग्रिन्डेलवाल्डला गाठायचा प्रयत्न केला असं अधिकृत साहित्यात दिसलं, तर ती गेली. कशाने कोसळेल हे सांगता येत नसेल, तर ती थिअरी नाही, मनाची समजूत आहे.

याच प्रश्नाला एक चांगलं शेपूट आहे. कांडीतून शेवटचा मंत्र बाहेर काढून दाखवता येतो, हे चौथ्या पुस्तकात विश्वचषकाच्या रात्री दिसतं. मग १८९९ मध्ये निदान दोघा भावांच्या कांड्या तपासता आल्या नसत्या का? मारामारीत एकामागून एक मंत्र सुटले असतील, शेवटचा मंत्र म्हणजे तोच मंत्र असं नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. तरी कोणी तसा विचारही केल्याचं पुस्तकात नाही, आणि ही उणीव डम्बलडोरच्या कबुलीशी जुळते: त्याला कळून घ्यायचंच नव्हतं. पुस्तकात नसलेल्या गोष्टीवर इमारत उभारायची नाही, पण आधीच उभ्या असलेल्या इमारतीला एवढा टेकू चालतो.

बाकीच्या थिअऱ्या, थोडक्यात आणि स्पष्ट

एरियाना ऑब्स्क्युरियल होती, म्हणजे दाबलेली जादू ऑब्स्क्युरस नावाच्या विध्वंसक शक्तीच्या रूपात बाहेर फुटणारी मुलगी. थिअरी बळकट. अ‍ॅबरफोर्थ सांगतो की जादू तिच्या आत वळली, तिने तिला वेड लावलं आणि आवरेनासं झालं की ती बाहेर फुटायची. २०१६ च्या चित्रपटात ऑब्स्क्युरसचं वर्णन जवळपास याच शब्दांत येतं. अडचणी दोन. सातही पुस्तकांत तो शब्द नाही. आणि ऑब्स्क्युरियल मुलं सहसा दहाच्या आत दगावतात असं चित्रपट सांगतो, एरियाना चौदा वर्षांची होती. त्याच चित्रपटातल्या क्रीडन्स या मोठ्या वयाच्या ऑब्स्क्युरियलचा अपवाद असल्यामुळे दुसरी अडचण भागते. तरीही 'एरियानाला जे होतं त्याला पुढे नाव मिळालं' असं लिहावं. 'पुस्तकात ती ऑब्स्क्युरियल आहे' असं लिहू नये.

क्रीडन्स हा डम्बलडोरचा सख्खा भाऊ. २०१८ च्या चित्रपटाच्या शेवटी ग्रिन्डेलवाल्ड तसं सांगतो आणि पुढची चार वर्षं यावर थिअऱ्यांचा महापूर आला. साध्या वजाबाकीत भागलं असतं. पर्सिव्हल १८९१ च्या सुमाराला तुरुंगात, केन्ड्रा १८९९ मध्ये गेली, आणि १९२६ मध्ये क्रीडन्स अजून पोरसवदा. २०२२ मध्ये तो अ‍ॅबरफोर्थचा मुलगा निघाला. सांगणारा ग्रिन्डेलवाल्ड आहे, एवढं साक्षीदाराच्या रकान्यात लिहिलं असतं तरी पुरे होतं. याच चित्रपटमालिकेतला पर्सिव्हल ग्रेव्हज आणि डम्बलडोरचे वडील पर्सिव्हल यांची सांगड घालणं हा तर बादरायण संबंध. नाव सारखं असणं हा पुरावा नव्हे.

आरशात लोकरी मोजे दिसतात असं डम्बलडोर हॅरीला सांगतो, आणि ते खरं नाही हे हॅरीलाही नंतर जाणवतं. २००७ मध्ये वाचकांशी ऑनलाइन गप्पा मारताना लेखिकेने उत्तर दिलं: त्याला सगळं कुटुंब जिवंत आणि सुखात दिसतं, अ‍ॅबरफोर्थशी समेट झालेला दिसतो. २०१८ च्या चित्रपटात त्याच आरशात ग्रिन्डेलवाल्ड दिसतो. पटकथा तिचीच. इथे दोघांपैकी एक खोटं ठरवायची घाई करू नका. आरसा त्या घडीची सर्वांत खोल इच्छा दाखवतो आणि मधे पासष्ट वर्षं गेली आहेत. कोणत्या साली काय दिसलं, एवढं लिहिलं की दोन्ही राहतात.

डम्बलडोर म्हणजे सातव्या पुस्तकातल्या तीन भावांच्या गोष्टीतला, तिघांना एकेक जादूची वस्तू देणारा मृत्यू. खलनायक व्होल्डेमॉर्ट थोरला, शिक्षक स्नेप मधला, हॅरी धाकटा. देखणी थिअरी, २०१५ मध्ये लेखिकेने तिचं कौतुकही केलं. पण जुळणं आणि ठरवून बसवणं यांत फरक आहे. कुटुंबाच्या टोचणीशी तिचा धागा जोडायचा, तर तो अंगठीतूनच जातो. १९९६ मध्ये डम्बलडोर अंगठी बोटात घालतो ती ताकदीसाठी नाही. तिच्यात गोष्टीतल्या मधल्या भावाचा, मेलेल्यांना परत आणणारा खडा आहे; त्यातून आई, वडील आणि एरियाना दिसतील, त्यांची माफी मागता येईल, या एका क्षणाच्या आशेने. ती अंगठी हॉरक्रक्स, म्हणजे व्होल्डेमॉर्टच्या आत्म्याचा तुकडा दडवलेली वस्तू आहे हे ठाऊक असूनही, त्यावर शाप असणार हे तर्काने कळत असूनही. स्नेप शाप हातापुरता अडवतो आणि फार तर वर्षभराची मुदत देतो. सहाव्या पुस्तकातलं सगळं नियोजन, स्वतःच्या मृत्यूसकट, या एका चुकीतून निघतं. टोचणीने घेतलेला, तपासता येणारा आणि कथेची दिशा बदलणारा निर्णय हवा असेल, तर हाच.

डर्स्लींकडे हॅरीला ठेवण्यामागे एरियाना आहे, हा दावा कमजोर. पाचव्या पुस्तकाच्या ३७व्या प्रकरणात त्याचं पूर्ण कारण दिलं आहे: आईच्या रक्ताचं संरक्षण. पुस्तकाने दिलेल्या कारणाची जागा थिअरीला घेता येत नाही, फार तर त्याच्या शेजारी बसता येतं. दहा कठीण वर्षं आपण त्या पोराच्या नशिबी लिहितो आहोत हे ठाऊक होतं, असं डम्बलडोर तिथे कबूल करतो. तेवढाच धागा हाती आहे, त्याने सुतावरून स्वर्ग गाठू नका.

जादू मंत्रालयाचं मंत्रिपद वारंवार नाकारणं याला मात्र थिअरी म्हणायचीच गरज नाही. सत्तेच्या बाबतीत आपला भरवसा धरता येत नाही हे आपण शिकलो, असं तो स्वतः सांगतो.

आणखी एक भेद सांभाळा, कारण निम्मे वाद तो न पाळल्याने होतात. डम्बलडोरची टोचणी एक नाही, दोन आहेत. शाप कदाचित माझा असेल, ही एक. दुसरी तिच्याआधीची: आई गेल्यावर घरी अडकलो म्हणून तो चिडला होता, बहिणीकडे दुर्लक्ष करून त्या दोन महिन्यांत जग बदलायचे बेत आखत बसला होता. शाप ग्रिन्डेलवाल्डचाच होता असं उद्या सिद्ध झालं, तरी दुसरी टोचणी तशीच राहते. कोणत्या टोचणीबद्दल बोलता आहात ते शीर्षकातच यावं.

लिहिताना

दावा एका वाक्यात, पंचवीस शब्दांच्या आत. तो तेवढ्यात मावत नसेल तर तुमच्या हातात दोन थिअऱ्या आहेत, वेगळ्या करा. मग कशाला कॅनन, म्हणजे अधिकृत साहित्य धरलंय ते: फक्त पुस्तकं, की चित्रपट आणि मुलाखतीही. त्यानंतर तीन पुरावे, निदान दोन वेगवेगळ्या पुस्तकांतून. तिन्ही एकाच प्रकरणातले असतील तर तो त्या प्रकरणाचा सारांश होतो. सर्वांत जोरदार आक्षेप स्वतःच मांडा आणि त्याला उत्तर द्या, नाहीतर पहिल्याच प्रतिक्रियेत कोणीतरी तो मांडेल आणि चर्चा तिथेच फिरत राहील. आठशे-हजार शब्द पुरतात. वर स्पॉयलरची सूचना द्यावी, कारण दर वर्षी कोणीतरी पहिल्यांदाच वाचत असतं.

लेखाखाली तारीख आणि शेवटचं धरलेलं साहित्य लिहा: उदाहरणार्थ, '२०२२ च्या चित्रपटापर्यंत'. एचबीओने २०२३ मध्ये जाहीर केलेली मालिका हीच पुस्तकं नव्याने दाखवणार आहे, आणि गॉड्रिक्स हॉलोचं घर, अ‍ॅबरफोर्थची कहाणी तिथे कशी येईल ते आल्यावरच दिसेल. तेव्हा जुना लेख खोडू नका किंवा गुपचूप दुरुस्त करू नका. खाली नवी तारीख घालून कोणता पुरावा पडला आणि कोणता टिकला एवढं जोडा.